हरणाच्या शिकारीची गोळी कशी निवडतात? शिसे, तांबे आणि वेगाचे गणित

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या बंदुकीने करायच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत तिथल्या मराठी कुटुंबांच्या कानावरही एक अपरिचित परिभाषा पडू लागते. कार्यालयातील सहकारी जेवणाच्या सुट्टीत ‘दीडशे ग्रेन’ आणि ‘बॉन्डेड’ असे शब्द वापरत वाद घालतात, एखादा शेजारी हरणाच्या मांसाचे पाकीट प्रेमाने आणून देतो, आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घालावी की नाही याची चर्चा रंगते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरण्यास पूर्ण मनाई केली; डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिसेयुक्त गोळ्याही बंद केल्या. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यापासून शिकार हा विषय कायद्याच्या पलीकडे गेला असल्यामुळे या वादाची पार्श्वभूमी मराठीत फारशी कोणी मांडलेली नाही. ती मांडण्याचा हा प्रयत्न आहे, कारण घरी बसून काडतूस भरणारा शिकारी जी गोळी निवडतो, तिचा परिणाम हरीण किती लवकर मरते यापुरता राहत नाही. तो पानातल्या मांसापर्यंत आणि रानातल्या गिधाडापर्यंत पोहोचतो.

काडतूस आणि गोळी

बोलताना आपण काडतुसालाच गोळी म्हणतो, परंतु काडतुसाचे चार भाग असतात. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्राइमर, आत बंदुकीची दारू, आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की प्राइमरवर आघात होतो, दारू पेट घेते, तिच्या वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो आणि पुंगळी मागे उरते. ही पुंगळी पुन्हा वापरता येते. तिला साच्यातून काढून मूळ मापावर आणायचे, नवा प्राइमर बसवायचा, मोजून दारू घालायची आणि नवी गोळी दाबून बसवायची, या हातप्रेसवरच्या कामाला रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा छंद कायदेशीर असून लाखो लोक तो जोपासतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार काडतुसे तयार करण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे पुढील विवेचन तिकडच्याच संदर्भात वाचावे.

रिलोडिंगमागे बचत हे एक कारण असते आणि आपल्या रायफलला मानवेल असे एकसारखे काडतूस मिळवणे हे दुसरे. कारखान्यात तयार झालेल्या काडतुसात गोळीची निवड कंपनीच्या अभियंत्यांनी केलेली असते आणि खोक्यावर हरणाचे चित्र छापून ती ग्राहकाला सांगितलेली असते. स्वतः काडतूस भरणाऱ्याच्या बाबतीत ती सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. चारही भागांपैकी प्राण्यापर्यंत जाणारा भाग एकच, तो म्हणजे गोळी. आणि नवख्यांची सर्वाधिक गफलत नेमकी तिथेच होते.

एकाच जाडीची गोळी, चार वेगळ्या रायफली

दुकानात गोळ्यांची खोकी प्रथम जाडीनुसार मांडलेली असतात. अमेरिकेत सर्वाधिक खपणारी एक जाडी .३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर आहे. याच जाडीची गोळी १८९५ च्या .३०-३० विंचेस्टर काडतुसात बसते, १९०६ च्या .३०-०६ स्प्रिंगफील्डमध्ये बसते, १९५२ च्या .३०८ विंचेस्टरमध्ये बसते आणि १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नममध्येही बसते. वजन ग्रेन या जुन्या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, म्हणून १५० ग्रेनची गोळी सुमारे ९.७ ग्रॅमची झाली. तेवढ्याच वजनाची गोळी .३०-३० मधून साधारण सेकंदाला ७३० मीटर, .३०८ मधून ८६०, .३०-०६ मधून ८९० आणि .३०० मॅग्नममधून ९९० मीटर वेगाने बाहेर पडते.

खोक्यावर जाडी आणि वजन सारखेच लिहिलेले असले, तरी या चार वेगांसाठी गोळीची बांधणी एकच असून चालत नाही. .३०-३० साठी केलेली गोळी मंद वेगातही पसरावी म्हणून मऊ ठेवलेली असते. तीच मॅग्नममध्ये भरली आणि जवळून झाडली, तर ती हरणाच्या खांद्यावरच फुटून विखुरते, छातीपर्यंत पोहोचत नाही, आणि जनावर जखमी अवस्थेत रानात निघून जाते. उलट मॅग्नमसाठी कणखर केलेली गोळी .३०-३० मधून झाडली, तर ती न पसरता बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाऊ शकते.

.३०-३० च्या बाबतीत सुरक्षेचाही मुद्दा आहे. त्याच्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवलेली असतात, त्यामुळे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला टेकते. टोक अणकुचीदार आणि कठीण असेल, तर धक्क्याने ते काडतूस तिथेच उडू शकते. म्हणून त्या रायफलीसाठी चपट्या टोकाच्या, किंवा खास मऊ प्लास्टिकच्या टोकाच्याच गोळ्या घेतात.

गोळीने आत जाऊन काय करायचे असते

हरीण लवकर मरते ते हृदय, फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाटून रक्तदाब झपाट्याने कोसळल्यामुळे. छातीतील हा भाग पांढऱ्या शेपटीच्या प्रौढ हरणात साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. गोळीने तिथपर्यंत पोहोचायचे, वाटेत पुढच्या बाजूने पसरून आपली जाडी दुपटीच्या आसपास न्यायची आणि तरीही पुरेसे वजन शिल्लक ठेवून पलीकडच्या फासळ्यांपर्यंत जायचे. पसरणे आणि खोल जाणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात काम करतात, कारण जितकी गोळी पसरते तितका तिला अडथळा वाढतो. गोळी बनवणाऱ्यांचा सगळा खटाटोप या दोहोंचा मेळ घालण्यासाठी चाललेला असतो.

हा मेळ वेगाच्या एका पट्ट्यातच जमतो. पट्ट्याच्या वर गोळी फुटते आणि खाली ती उघडतच नाही. हरणासाठीच्या बहुतेक गोळ्यांना उघडण्यासाठी आदळताना सेकंदाला किमान ५५० मीटरच्या आसपास वेग लागतो, काहींना ६०० मीटर. येथे महत्त्व आदळतानाच्या वेगाला आहे, नळीतून सुटतानाच्या नव्हे. .३०८ ची टोकदार १५० ग्रेनची गोळी ८६० मीटरने निघते आणि २७५ मीटर अंतरावर तिचा वेग साधारण ६८० उरतो. म्हणजे पट्टा अजून सांभाळला जातो. .३०-३० ची चपट्या टोकाची गोळी हवेत फार लवकर मंदावते आणि दोनशे मीटरच्या आतच ५५० च्या खाली येते. म्हणून जाणता शिकारी आधी स्वतःला विचारतो की आपण जास्तीत जास्त किती अंतरावरून आणि कमीत कमी किती अंतरावरून नेम धरणार, आणि त्या दोन्ही ठिकाणी या गोळीचा वेग किती असेल. कंपन्या आपल्या प्रत्येक गोळीचा हा वेगाचा पट्टा जाहीर करतात. खोक्यावरच्या इतर कोणत्याही मजकुरापेक्षा मला ही माहिती मोलाची वाटते.

पसरणारी गोळी क्रूर नव्हे काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या डमडम येथील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा झाला. युद्धात शत्रूचा सैनिक लढण्यास असमर्थ झाला की उद्देश साधतो, त्यापलीकडे त्याच्या यातना वाढवणे अमानुष, असा त्यामागचा विचार होता.

शिकारीत तोच करुणेचा विचार नेमका उलट निष्कर्षाकडे नेतो. जखमी होऊन निसटलेले हरीण तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस तडफडते, म्हणून तिथे मृत्यू शक्य तितका लवकर यावा हेच ध्येय असते. त्यामुळे अमेरिकेतील अनेक राज्यांनी हरणासाठी पसरणारी गोळी बंधनकारक केली असून, पूर्ण धातूने मढवलेली लष्करी धाटणीची गोळी वापरण्यास मनाई केली आहे.

इथे एक फसगत टाळावी लागते. स्पर्धेतील नेमबाजीच्या गोळ्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि ते पाहून नवखा शिकारी त्या पसरणाऱ्या गोळ्या समजतो. ते छिद्र प्रत्यक्षात घडणीतून उरलेले असते. तांब्याचे आवरण बुडाकडून टोकाकडे ओढत नेले जाते आणि शेवटी टोकाशी थोडी फट राहते. अशी गोळी निशाण्याच्या कागदावर अचूक लागते, परंतु हरणात ती उघडेल की सरळ निघून जाईल याचा भरवसा नसतो.

शिसे, आवरण, भिंत आणि तांबे

नुसत्या शिशाची गोळी आजच्या रायफलींच्या वेगात नळीला घासून शिसे मागे सोडते, म्हणून त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण चढवतात. टोकाशी शिसे उघडे ठेवले की गोळी तिथून पसरू लागते. ही सर्वांत साधी, स्वस्त आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी रचना आहे. मध्यम वेगात ती हरणाला पुरेशी ठरते, पण फार वेगात शिसे आणि आवरण वेगळे होतात आणि गोळीचे बरेचसे वजन वाटेतच झडते.

या दोषावर अमेरिकन शिकारी जॉन नोस्लर यांनी काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड सांबरवर्गीय प्राण्याच्या शिकारीत त्यांच्या वेगवान गोळ्या वरच्या वर फुटल्या, आणि त्यांनी गोळीच्या मध्यभागी तांब्याची आडवी भिंत ठेवण्याची कल्पना काढली. पुढचा अर्धा भाग पसरतो, भिंतीमागचा अर्धा भाग अखंड राहून पुढे ढकलत जातो. १९४८ पासून विकली जाणारी ही पार्टिशन गोळी अजूनही बनते. पुढे शिसे आवरणाला रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेने चिकटवण्याची पद्धत आली. त्या गोळ्यांना बॉन्डेड म्हणतात आणि त्या आपले वजन अधिक राखतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे शिसे पूर्णपणे काढून टाकून अखंड तांब्याची गोळी करणे. तिच्या टोकाला पोकळी असते. आदळल्यावर ती पोकळी फुटून बहुधा चार पाकळ्या बाहेर वळतात आणि उरलेला दांडा खोल जातो. अशी गोळी आपले वजन जवळजवळ पूर्ण राखते. बार्न्स या कंपनीने ही रचना १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय केली आणि आज जवळपास प्रत्येक मोठी कंपनी तांब्याची गोळी विकते.

जड गोळी म्हणजे चांगली गोळी का?

हरणासाठी वजनाचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. पांढऱ्या शेपटीचे हरीण आकाराने आपल्या चितळाच्या जवळचे आहे. उत्तरेकडचे नर त्याहून बरेच थोराड होतात, पण सांबर किंवा एल्क या तिकडच्या मोठ्या हरणाइतके नाही. .३०८ जाडीत १५० किंवा १६५ ग्रेन त्याला पुरतात आणि १८० ग्रेन मोठ्या जनावरांसाठी राखून ठेवता येतात.

वजन महत्त्वाचे ठरते ते वेगळ्या कारणाने. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात आणि त्यांच्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा जसा जोरात फिरत असेपर्यंत ताठ उभा राहतो, तशी गोळीही फिरण्यामुळेच टोक पुढे ठेवून जाते. दहा इंचांत एक फेरा असा पीळ असेल, तर सेकंदाला ८६० मीटरने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे दोन लाख फेरे घेत असते. गोळी जितकी लांब, तितका तिला स्थिर ठेवायला पीळ अधिक जवळचा लागतो. बारा इंचांत एक फेरा असलेल्या नळीतून फार लांब गोळी सोडली, तर ती डुलू लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडते.

येथे तांबे आणि शिसे यांच्यातील फरक पुन्हा समोर येतो. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम आणि तांब्याची ८.९६ ग्रॅम, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. अनुभवी लोक त्यामुळे तांब्याकडे वळताना वजनाची एक पायरी उतरतात. शिशाची १६५ ग्रेन वापरत असतील तर तांब्याची १५०, आणि १५० वापरत असतील तर १३० घेतात. तांब्याची गोळी वजन झडू देत नसल्याने हलकी असूनही ती जड शिशाच्या गोळीइतकी खोल जाते, आणि हलकी असल्यामुळे तिला उघडायला लागणारा वेगही आपोआप मिळतो.

शिशावरचा आक्षेप कशासाठी?

शिशाची गोळी शरीरात पसरताना तिचे बारीक कण आजूबाजूच्या मांसात उडतात. २००८ मध्ये मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने मृत मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून त्यांच्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या. लवकर पसरणाऱ्या शिशाच्या गोळ्यांचे एका शरीरात सरासरी शंभराहून अधिक तुकडे दिसले आणि ते जखमेपासून बरेच दूरपर्यंत पोहोचलेले होते. बॉन्डेड गोळ्यांनी तुकडे कमी केले, पण थांबवले नाहीत. तांब्याच्या गोळीचे तुकडे मात्र अगदी मोजके होते. मांस पाण्याने धुतल्यास शिसे निघून जाण्याऐवजी इतरत्र पसरते, हेही त्याच पाहणीत दिसले. त्याच वर्षी नॉर्थ डकोटात गरजूंना दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळल्यावर ते मांस टाकून देण्याच्या सूचना निघाल्या.

यावर शिकाऱ्यांचे उत्तर असते की पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हेच मांस खात आलो आणि कोणाला काही झाले नाही. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. नॉर्थ डकोटातील सातशेहून अधिक लोकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे किंचित जास्त आढळले, पण तेव्हाच्या दहा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेपलीकडे कोणीही गेलेले नव्हते. तरीही मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, ही आरोग्यशास्त्राची आजची भूमिका आहे, आणि म्हणून लहान मुलांनी व गर्भवतींनी शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचे मांस टाळावे, असा सल्ला दिला जातो. शेजाऱ्याने दिलेले पाकीट शिजवण्यापूर्वी कोणती गोळी वापरली होती, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

पक्ष्यांच्या बाबतीत चित्र कितीतरी गंभीर आहे. शिकारी हरणाची आतडी रानातच काढून टाकतात, आणि त्यातले शिशाचे कण गरुड व गिधाडे गिळतात. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळते. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे महाकाय गिधाड १९८२ मध्ये केवळ २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातील शेवटचा पक्षीही पकडून बंदिस्त प्रजनन सुरू झाले, आणि १९९२ पासून पक्षी पुन्हा सोडण्यात येत आहेत. सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण शिशाची विषबाधा हेच राहिले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८ राज्यांतील १,२१० गरुडांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या पक्ष्यांत दीर्घकाळ साचलेल्या शिशाच्या खुणा मिळाल्या.

महाराष्ट्रातील वाचकाला ही साखळी परकी वाटू नये. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने त्यांच्या मृतदेहांवर जगणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत त्यांची संख्या कोसळलेली होती. विष वेगळे असले तरी वाट तीच आहे. मृतदेहात माणसाने जे ठेवले, ते मृतदेह साफ करणाऱ्याच्या पोटात गेले.

खर्च, अचूकता आणि ‘आरपार जाते’ ही तक्रार

तांब्याच्या गोळ्या महाग आहेत, हे खरे. एका सामान्य हंगामात मात्र नेम जुळवण्यासाठी दोन डझन आणि प्रत्यक्ष रानात दोन-चार, एवढ्याच गोळ्या लागतात. वर्षभराचा सराव स्वस्त शिशाच्या गोळ्यांनी कागदावर करता येतो. अ‍ॅरिझोनाच्या वन्यजीव विभागाने २००५ पासून कॉन्डोरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसे मोफत दिली, आणि सक्तीशिवायही बहुसंख्य शिकारी त्यात सहभागी झाले.

तांब्याची गोळी न पसरता आरपार जाते, ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या वजनातून किंवा फार लांबच्या अंतरातून येते. जड तांब्याची गोळी मंद काडतुसात भरून दूरवर झाडली, तर ती उघडणार नाहीच. वेगाचा पट्टा पाळला, तर दोनशे मीटरच्या आत मला तांब्याविरुद्ध ठोस कारण दिसत नाही, आणि ज्याच्या घरी मुले ते मांस खाणार आहेत, त्याने तर तांबेच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद जुन्या, मंद किंवा विरळ पिळाच्या रायफलींचा. तिथे मऊ शिशाची गोळी वापरून जखमेच्या भोवतालचे मांस सढळ हाताने कापून टाकणे आणि आतडी पुरणे हा व्यवहार्य मार्ग उरतो.

गोळी बदलली की भरण्याचे माप बदलते

शेवटचा मुद्दा सुरक्षेचा आहे आणि तो रिलोडिंग करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. १५० ग्रेनच्या एका गोळीसाठी छापलेले दारूचे माप १५० ग्रेनच्या दुसऱ्या गोळीला वापरता येत नाही. लांब तांब्याची गोळी पुंगळीत खोल बसते, दारूसाठीची जागा कमी करते, आणि तिचा कठीण पृष्ठभाग नळीत वेगळे घर्षण निर्माण करतो. परिणामी दाब वाढू शकतो. .३०८ विंचेस्टरची मान्य कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, आणि ती ओलांडल्यास पुंगळी फाटण्यापासून रायफल फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून नेमक्या त्याच गोळीसाठी त्या कंपनीने छापलेली चालू आवृत्तीतील मापे घ्यावीत, त्यातील किमान मापापासून सुरुवात करावी आणि दाबाची लक्षणे तपासत सावकाश वर जावे. शिशाकडून तांब्याकडे वळताना नळी आधी पूर्ण स्वच्छ करावी, कारण जुन्या गोळ्यांचा थर तसाच राहिला तर नव्या गोळ्यांची अचूकता बिघडते आणि दोष विनाकारण गोळीला दिला जातो. नंतर शिकारीच्या अंतरावर कागद लावून नेम पुन्हा जुळवावा, कारण गोळी बदलली की लागण्याची जागाही हलते. भरलेल्या प्रत्येक डबीवर गोळीचे नाव, वजन, दारूचा प्रकार, तिचे माप आणि तारीख लिहून ठेवावी.